भिंतीपेक्षा पाण्याची टाकी बरी

भिगवणला उजनीच्या पाण्यात रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा) थवा टिपला होता. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो देखणा दिसायचा. स्टुडिओतून बारा बाय अठराची प्रिंट आली, तेव्हा डावीकडच्या रोहितांच्या चोचींची काळी टोकं मोजता येत होती आणि उजवीकडचे चौघे पावसात भिजलेल्या कागदावर छापल्यासारखे. कॅमेरा घेऊन तीन महिने उलटलेले. विक्रेता म्हणाला, "मॅडम, हात हलला असेल." हात हलला तर अख्खा थवा हलेल, फक्त उजवीकडचे चौघे कसे हलतील? पण वाद घातला नाही. दुसरा कॅमेरा घेताना मात्र तपासून घेतला, आणि तो कसा, ते सांगते.

मी बोलतेय ते सोनीच्या आरएक्स-१० मार्क फोरबद्दल. २०१७ साली आलेला, लेन्स न निघणारा, २४ ते ६०० मिमी झूमचा. बँकेतून निवृत्त झाल्यावर पक्ष्यांचा नाद लागला, पण दोन किलोची लेन्स आणि वर कॅमेरा एवढं ओझं माझा खांदा घेत नाही. ह्याचं सगळं मिळून वजन १०९५ ग्रॅम. पॅनासॉनिकच्या एफझेड मालिकेतला एखादा बघत असाल, तरी तपासणी हीच.

आधी कागदावरचे आकडे. ६०० हा फुलफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या हिशेबातला आकडा, लेन्स खरी ८.८ ते २२० मिमीची आहे. "एक इंची" सेन्सर मोजायला गेलात तर १३.२ बाय ८.८ मिमी भरतो. ते नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून आलंय, तिथे इंच शोधू नका. आणि एफ-२.४ हे ॲपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडतं ते; आकडा लहान तेवढा उजेड जास्त) फक्त २४ ला मिळतं. १०० च्या आसपास ते ४ वर येतं आणि पुढे ६०० पर्यंत ४ च राहतं. उजेडाच्या दृष्टीने हे झकास, पण मागची पार्श्वभूमी फुलफ्रेमवर एफ-११ ला जेवढी धूसर होईल तेवढीच होणार. पोर्ट्रेटसाठी घेत असाल तर इथेच थांबा.

आता लेन्स. माझा भाचा म्हणाला, "मावशी, भिंतीवर पेपर चिकटव आणि फोटो काढ." रविवार त्यात गेला. उजवी बाजू मऊ आली म्हणून मी हादरले, मग कळलं की ट्रायपॉडच भिंतीला तिरका होता. भिंत वापरायची तर कॅमेरा तिला अगदी समांतर हवा, आणि घरात ते साधणं म्हणजे शिक्षा. त्यापेक्षा समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी घ्या. पन्नास-साठ मीटरवर असली की तिरकेपणाची भानगड उरत नाही. टाकीवर अक्षरं असली तर उत्तमच.

सकाळी आठच्या आत करा. ऊन तापलं की छपरावरची हवा थरथरते आणि ६०० ला चांगली लेन्सही बिचारी वाटते. कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझर (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद, दोन सेकंदांचा टायमर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, ॲपर्चर पूर्ण उघडं. टाकी मधोमध घेऊन फोकस करा आणि मग मॅन्युअलवर टाका, म्हणजे फोकस जागचा हलणार नाही. एक फोटो मध्ये, मग कॅमेरा वळवून तीच टाकी चारही कोपऱ्यांत एकेकदा. हे २४, १००, ३०० आणि ६०० ला करायचं, दर वेळी नव्याने फोकस करून. २४ ला अक्षरं दिसणार नाहीत, तिथे खिडक्यांची ग्रिल बघा. वीस फोटो होतात. ते लॅपटॉपवर शंभर टक्के मोठे करून बघा, कॅमेऱ्याच्या पडद्यावर नाही.

चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असले तर तो लेन्सचा स्वभाव. एकच कोपरा किंवा एकच बाजू विरघळलेली असली तर आतलं एखादं भिंग सरकलेलं आहे. असा कॅमेरा फुकटातही घेऊ नये, कारण इथे लेन्स बदलून सुटका नाही. वापरलेला कॅमेरा असेल तर मालकाकडे अर्धा तास आणि गच्ची मागा. कुरकुर केली तर चहा पिऊन निघा.

झूम आत-बाहेर करताना कान द्या. एका गृहस्थांच्या कॅमेऱ्यात करकर ऐकू आली. त्यांच्या व्हॉट्सॲपच्या फोटोत मागे समुद्र होता, तेव्हाच शंका यायला हवी होती. वाळू आणि धूळ ह्या बाहेर येणाऱ्या नळीतूनच आत शिरते, आणि आत शिरली की सर्व्हिस सेंटरला कॅमेरा उघडावा लागतो. म्हणून एफ-१६ लावून मोकळ्या आकाशाचे दोन फोटो काढा, एक २४ ला, एक ६०० ला. करडे ठिपके दिसले तर किंमत तरी पाडून मागा, नाहीतर सोडून द्या.

फोकससाठी घार. पुण्यात ती कुठेही मिळते. आकाशातली घार पकडणं सोपं, खरी परीक्षा ती झाडामागून जाते तेव्हा. फोकस फांदीला चिकटून बसला की परत किती वेळात येतो ते बघा. लेन्सवर फोकसची कक्षा तीन मीटरच्या पुढे मर्यादित करणारी कळ आहे, ती लावूनही बघा. आणि फुलपाखरांची हौस असेल तर विसरू नका, ६०० ला हा ७२ सेंटिमीटरवरूनही फोकस घेतो.

स्टॅबिलायझर सुरू करून ६०० ला, १/१२५ सेकंदाच्या शटरवर, हातात धरून दहा फोटो काढा. माझे सात धारदार आले. भाच्याचे चार, पण तो चहाचा कपही सांडतो.

संध्याकाळसाठी पाणकावळा किंवा साधा कावळा. आयएसओ ८००, १६००, ३२०० वर त्याच्या काळ्या पिसांत पीस दिसतंय की चिखल, एवढंच बघायचं. माझी सीमा १६००, क्वचित ३२००. त्यापुढे मी कॅमेरा बंद करते आणि दुर्बीण काढते.

शेवटची तपासणी घरातली. कॅमेरा गळ्यात अडकवून तासभर वावरायचं. मी त्यात कुकर लावला, भाजी चिरली, दाराशी आलेलं कुरिअर घेतलं. कुरिअरवाला दोन पावलं मागे सरकला. तासाभराने मान आखडली, ती अरुंद पट्ट्यामुळे. पट्टा बदलला, कॅमेरा ठेवला.