पिवळ्या वलयाच्या मागे लागण्याआधी

एमएस्सीला यीस्टचा प्रोजेक्ट मिळाला तेव्हा माझ्या डोक्यात इडलीचं पीठ होतं. आंबलं म्हणजे आंबट होणारच! पण त्या पिठाला आंबटपणा आणतात ते मुख्यतः लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू. सॅकरोमायसिस, म्हणजे माझं यीस्ट, साखरेचं करतं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड. सक्सिनिक, असेटिक ही आम्लं थोडीफार. तरी मीडियाचा (ज्यात यीस्ट वाढवतो त्या द्रावाचा) पीएच घसरतो, कारण पेशीच्या आवरणातला पीएमए१ हा पंप प्रोटॉन बाहेर फेकत असतो. म्हणजे नुसता पीएच मोजून ‘आम्ल जास्त बनलं’ म्हणता येत नाही. कोणतं आम्ल, किती, हे एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) सांगतं.

म्युटेशन घडवायला यूव्ही दिलेल्या पेशी मी ब्रोमोक्रेसॉल पर्पलच्या (आम्लात जांभळ्याचा पिवळा होणाऱ्या रंगाच्या) प्लेटवर पसरल्या. ३० अंशांवर तीन दिवसांत जांभळ्या अगारवर कॉलन्यांभोवती पिवळी वलयं उमटली. एका कॉलनीचं वलय मात्र जेमतेम दिसत होतं. कमी आम्लाचा म्युटंट सापडला! वहीत लाल शाईने चौकट केली आणि दोन महिने टायट्रेशन करत बसले.

मग लॅबमधल्या पीएचडीवाल्या ताईने सहज विचारलं, “अगं, ग्लिसरॉलवर वाढतो का बघितलंस?”

नाही वाढला. तो पेटिट होता. १९४९ साली पॅरिसमध्ये बोरिस एफ्रुसी यांनी वर्णन केलेल्या याच त्या बुटक्या कॉलन्या. यांना श्वसन जमत नाही, आणि ग्लिसरॉलवर वाढायला तेच लागतं. ग्लुकोज संपलं की स्वतःच बनवलेलं अल्कोहोलही वापरता येत नाही, वाढ तिथेच थांबते. पेशीच कमी, म्हणून वलय लहान. आकडे ओडीने (गढूळपणावरून मोजलेल्या पेशींच्या दाटीने) भागले तर फरक जवळजवळ उरलाच नाही. (हे पहिल्याच आठवड्यात करायचं असतं. मी केलं नव्हतं.)

तुम्ही कॉलनी निवडाल त्याच दिवशी मखमलीने तिचा ठसा ग्लिसरॉलच्या प्लेटवर घ्या. पण वाढली नाही म्हणून लगेच फेकूही नका. सक्सिनेट डिहायड्रोजिनेजचा जीन बिघडला तरी ग्लिसरॉलवर वाढ होत नाही, आणि तिथे सक्सिनिक आम्ल खरोखरच साचतं, कारण त्याचं पुढे फ्युमरेट होत नाही. दोन्हींतला फरक ओळखायला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पूर्ण गमावलेल्या, विरुद्ध मेटिंग टाइपच्या (म्हणजे यीस्टच्या ‘लिंगा’च्या) स्ट्रेनशी संकर करा. संकरातून आलेला डिप्लॉइड (दोन्हींचे जीन असलेला) ग्लिसरॉलवर वाढला तर दोष केंद्रकातल्या जीनमध्ये. नाही वाढला तर बहुधा मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत.

माझा वाढला नाही.