टार्गेट सगळेच देतात, वसुली कोणी शिकवत नाही

माझा भाचा जूनमध्ये सेल्सला लागला. पहिल्याच आठवड्यात फोन, "मामा, यांनी मला कॅटलॉग दिला, व्हिजिटिंग कार्डाचं पाकीट दिलं आणि म्हणाले जा रबाळेला. जाऊन करू काय?" त्याला दोन रविवार बसवून जे सांगितलं तेच इथे टाकतोय, कारण बारा वर्षांपूर्वी मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि त्याची फी मी बऱ्यापैकी भरलीय. मी हायड्रॉलिक होज (मशीनमध्ये दाबाखालचं तेल वाहून नेणारे पाइप) आणि त्यांची फिटिंग विकतो. राहायला कळव्याला, धंदा ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात, दिघ्यापासून तुर्भेपर्यंत, अधूनमधून वागळे इस्टेट. तुम्ही बिस्किटं विकत असाल किंवा लोन, तर उदाहरणं आपापली घाला.

पहिलं म्हणजे टार्गेट ऐकून पोटात गोळा आला तरी आधी भागाकार करा. समजा महिन्याला ६ लाख दिलंय. तुमची एक ऑर्डर साधारण ३० हजारांची होते, म्हणजे २० ऑर्डरी लागणार. चार कोटेशनला एक ऑर्डर येत असेल तर ८० कोटेशन, आणि महिन्यात कामाचे २५ दिवस धरले तर रोज तीनच्या वर. आता स्वतःला विचारा, रोज तीन नवीन इन्क्वायरी येतायत का? येत नसतील तर जास्त पळून काही होणार नाही, मोठी ऑर्डर देणारी गिऱ्हाईकं शोधावी लागतील नाहीतर चाराला एकचं तीनाला एक करावं लागेल. हा कागद घेऊन मॅनेजरसमोर बसा. "सर टार्गेट जास्त आहे" म्हणाल तर शिव्या पडतील, पण "सर माझ्या एरियातून महिन्याला ४५ इन्क्वायरी निघतायत, ८० कुठून आणू" म्हटलं की त्याला बोलायला काहीतरी मिळतं. मग तो एखादं जुनं बंद पडलेलं अकाउंट काढून देतो, माझ्याबाबतीत तरी दोनदा दिलंय.

दुसरं, एरिया. नवीन पोरं सकाळी महापे, दुपारी वागळे, संध्याकाळी परत तुर्भे असं करतात आणि अर्धा दिवस बाइकवर घालवतात. ट्रान्स हार्बरची स्टेशनं बघा, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सगळी त्याच रोडला लागून आहेत आणि रोडच्या डोंगराकडच्या अंगाला एमआयडीसी. तर एका दिवसाला एक स्टेशन धरायचं. एक ठरलेली अपॉइंटमेंट, दोन जुने फॉलोअप आणि शेजारच्या गाळ्यांमध्ये तीन-चार नवीन बोर्ड वाचून आत शिरायचं. प्रत्येक युनिटचा सुट्टीचा वार वहीत लिहून ठेवा, सगळ्यांची रविवारी नसते, मी एका कंपनीच्या गेटवर लागोपाठ तीन शुक्रवार जाऊन कुलूप बघून आलोय. पावसाळ्यात विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की कळव्यातून निघालेला माणूस ऐरोलीला कधी पोचेल याचा भरवसा नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी दहाची वेळ मी कोणालाच देत नाही.

गेटवरचा वॉचमन, रिसेप्शन, स्टोअरकीपर यांच्याशी नीट बोला हे सगळेच सांगतात, पण का ते सांगत नाहीत. पर्चेसवाला तुम्हाला रेट विचारेल, बाकी काही सांगणार नाही. कुठला माल संपत आलाय, आधीच्या सप्लायरचा काय लफडा झालाय, मशीन कधी बंद होती हे स्टोअर आणि मेंटेनन्सवाल्याला माहीत असतं. पहिल्या भेटीत कॅटलॉग उघडायची घाई करू नका. आत्ता काय वापरता, किती दिवसांनी बदलावं लागतं आणि ऐन वेळी लागलं तर कोणाकडून मागवता, या तीन गोष्टी कळल्या तरी खूप झालं. आणि हे बाहेर पडल्या पडल्या, बाइकला किक मारायच्या आधी लिहा. संध्याकाळी घरी जाऊन लिहीन म्हटलं की सहा भेटींची खिचडी होते. ऑफिसच्या अ‍ॅपमध्ये भरायचं ते भराच, पण स्वतःची वही वेगळी. अ‍ॅपमध्ये 'व्हिजिट डन' एवढंच राहतं, वहीत 'मुलीची दहावी आहे, मार्चनंतर ये म्हणाले' हे राहतं.

आता "तुमचा रेट जास्त आहे" या वाक्याबद्दल. हे ऐकलं की नवीन माणूस लगेच पाच टक्के सोडतो. जरा हिशोब करा. १०० रुपयांचा माल, कंपनीला ८० ला पडतो, सुटतात २०. पाच टक्के सोडले की सुटतात १५. म्हणजे तेवढेच पैसे कमवायला तुम्हाला तिसरा हिस्सा माल जास्त विकावा लागेल, तो विकणार कोण? म्हणून आधी विचारायचं, "कशाच्या मानाने जास्त?" बऱ्याचदा समोरच्याने पकडलेला रेट वेगळ्याच ग्रेडचा असतो, नाहीतर त्यात जीएसटी आणि भाडं धरलेलं नसतं, नाहीतर तो नुसतं बोलून बघत असतो. खरंच सोडावं लागलं तर बदल्यात काहीतरी मागा, ऑर्डर मोठी करा, पेमेंट ४५ चं ३० दिवसांवर आणा. फुकट सोडलेला रेट पुढच्या वेळी तिथूनच खाली सुरू होतो.

आता मुख्य विषय, पैसे. माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. रबाळेच्या एका मशीन बनवणाऱ्या युनिटची ऑर्डर, १ लाख ८४ हजारांची, तेव्हा माझ्यासाठी लॉटरीच. मार्चएंडला माल टाकला, ऑफिसमध्ये टाळ्या झाल्या. मग एप्रिल गेला, मे गेला, पेमेंट नाही. पर्चेसवाल्या साहेबांना मी दर सोमवारी फोन करायचो आणि ते दर सोमवारी म्हणायचे "होऊन जाईल, अकाउंटला टाकलंय." जुलैत माझा इन्सेंटिव्ह अडकला, मॅनेजर रोज सगळ्यांसमोर विचारायला लागला, मी वैतागून फोन न करता थेट गेलो. साहेब जागेवर नव्हते म्हणून स्टोअरमध्ये जाऊन बसलो. तिथला स्टोअरकीपर, केरळचे एक काका, चहा पाजला आणि म्हणाले "तुम्हारा माल तो उधर पडा है." मागच्या रॅकच्या खालच्या खणात माझे होज, धूळ बसलेले, एकाची गुंडाळी सुटून जमिनीवर आलेली आणि वर पिवळा टॅग, पेनाने लिहिलेलं 'होल्ड - टीसी नहीं'. टेस्ट सर्टिफिकेट! ते आमच्या ऑफिसच्या मेलमध्ये मार्चपासून पडून होतं, मालाबरोबर पाठवायचं राहिलं होतं. टीसी नाही म्हणून क्वालिटीने पास केलं नाही, पास नाही म्हणून जीआरएन (माल मिळाल्याची स्टोअरची नोंद) नाही, जीआरएन नाही म्हणून अकाउंटला बिल गेलंच नव्हतं. साहेबांनी खोटं सांगितलं असंही नाही, त्यांनी बघितलंच नव्हतं. मी तिथूनच मोबाइलवरून टीसी पाठवलं, त्या दिवशी संध्याकाळी जीआरएन झाला आणि पंधरा दिवसांत पैसे. चार महिने मी चुकीच्या माणसाला फोन करत होतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. माल गेल्यावर दुसऱ्या दिवशी गेट एन्ट्री झाली का विचारायचं, तीन-चार दिवसांनी जीआरएन नंबर मागून घ्यायचा, मग अकाउंटमध्ये बिल बुक झालं का आणि ड्यू डेट काय पकडलीय ते बघायचं. काही जण बिलाच्या तारखेपासून धरतात, काही माल मिळाल्याच्या, काही जीआरएनच्या, यात आठ-दहा दिवस सहज इकडेतिकडे होतात. पेमेंट रन आठवड्यातून कुठल्या वारी असतो तेही विचारा, आदल्या दिवशी केलेला एक फोन नंतरच्या पाच फोनपेक्षा कामाचा. आणि बिलावर पीओ (परचेस ऑर्डर) नंबर, मालाचं वर्णन, जीएसटी नंबर त्यांच्या पीओप्रमाणे हुबेहूब असला पाहिजे. हे बिलिंगवाल्या ताईंचं काम आहे म्हणून सोडून देऊ नका, इन्सेंटिव्ह तुमचा अडकतो, त्यांचा नाही.

एक कायदा माहीत असू द्या. तुमची कंपनी मायक्रो किंवा स्मॉल असेल, स्वतः माल बनवत असेल किंवा सर्व्हिस देत असेल आणि उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. व्याज मागून गिऱ्हाईक कोण तोडणार म्हणा. पण २०२३-२४ पासून आयकरात असं झालंय की ही मुदत पाळली नाही तर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षी धरता येतो. त्यामुळे बिलावर उद्यम नंबर छापलेला असला की फेब्रुवारी-मार्चमध्ये समोरचा सीएच तुमची वसुली करून देतो. नुसती ट्रेडिंग असेल तर हा फायदा नाही, तिथे आपलं जुनंच, जाऊन बसायचं.

मंथएंडची घाण पण सांगून ठेवतो. माझ्या आधीच्या एका कंपनीत २८ तारखेनंतर मॅनेजर म्हणायचा डीलरकडे माल टाक, पुढच्या महिन्यात परत घेऊ. टाकला मी, दोनदा. पुढच्या महिन्यात परत आलेला माल माझ्याच आकड्यातून वजा, डीलर चिडलेला, आणि मॅनेजर तोपर्यंत दुसऱ्या कंपनीत. तेव्हा असं काही सांगितलं तर "सर, मेलवर टाका, लगेच करतो" एवढंच म्हणायचं. मेल सहसा येत नाही.

पगाराचं थोडक्यात. ऑफर लेटरवर कोणाचं नाव आहे ते बघा, ज्या कंपनीचं कार्ड घेऊन फिरणार तिचं की कुठल्या मॅनपॉवर एजन्सीचं. इन्सेंटिव्ह बिलिंगवर आहे की कलेक्शनवर, आणि वाटपाच्या दिवशी तुम्ही नोकरीत असायला हवं अशी अट आहे का, हे पगाराच्या आकड्याआधी विचारा. पगाराऐवजी कमिशनवर काम असेल तर २ टक्के टीडीएस कापतात (ऑक्टोबर २०२४ च्या आधी ५ होता), तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते आयकराच्या पोर्टलवर तपासा आणि रिटर्न भरा. दिवसभर बाइकवर असता, बँकेतून पंतप्रधान सुरक्षा विमा तरी घ्या, वर्षाला २० रुपयांत २ लाखांचं अपघाती कव्हर, आपल्यापैकी निम्म्यांनी घेतलेलं नसतं.

टेलिकॉलिंगवाल्यांनो, स्वतःच्या सिमवरून दिवसाला दोनशे कॉल मारायला सांगत असतील तर नाही म्हणा. ट्रायने (टेलिकॉमची सरकारी नियामक संस्था) २०२४ मध्ये अशा रजिस्टर नसलेल्या प्रमोशनल कॉलसाठी कनेक्शन तोडायचे आणि ब्लॅकलिस्ट करायचे आदेश दिलेत, नंबर तुमचा जाईल, त्याच नंबरवर तुमचं बँकेचं सगळं असतं. आणि घोडबंदर, खारघर, उलव्याला फ्लॅट विकायला जाणाऱ्यांनो, स्वतंत्र एजंट म्हणून काम करणार असाल तर महारेराचं रजिस्ट्रेशन लागतं आणि त्यासाठी आता ट्रेनिंग आणि परीक्षा आहे, "रेफरल देतोय फक्त" हे चालत नाही.

पुढे काय, हा प्रश्न दोन-तीन वर्षांनी सगळ्यांना पडतो. माझं मत विचाराल तर पहिली नोकरी अशी धरा जिथे गिऱ्हाईक परत परत घेतं. एकदाच विकायचा माल असेल तर दर महिन्याला शून्यापासून सुरुवात, पैसा येतो पण माणूस तिशीत थकतो. एक पूर्ण वर्ष काढल्याशिवाय सोडू नका, दिवाळी आणि मार्च दोन्ही बघितल्याशिवाय त्या धंद्याचं काही कळत नाही. मॅनेजर व्हायची घाईही नको, चार पोरांचं टार्गेट डोक्यावर घ्यायच्या आधी माल कसा बनतो, का फुटतो ते शिका. मी एक आख्खा शनिवार आमच्या क्रिम्पिंग मशीनवर (होजला फिटिंग दाबून बसवायचं मशीन) काढला होता, हात काळे झाले पण त्यानंतर मेंटेनन्सवाले माझ्याशी वेगळ्या सुरात बोलायला लागले. बायोडेटात 'हार्डवर्किंग, टीम प्लेअर' काढा, एरिया कुठला, टार्गेट किती, केलं किती, नवीन अकाउंट किती, थकबाकी किती दिवसांची होती ती किती दिवसांवर आणली, हे लिहा. शेवटचा आकडा फार कमी जण लिहितात, इंटरव्ह्यूला त्यावरच थांबतात.

सोडताना गिऱ्हाइकांची एक्सेल घेऊन जाऊ नका, ती कंपनीची आहे. उलट स्वतःच्या नावावरची सगळी थकबाकी गिऱ्हाइकाकडून बॅलन्स कन्फर्म करून, मेलवर, मॅनेजरला पाठवून मगच निघा. नाहीतर फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या वेळी दोन वर्षांपूर्वीचं कुठलं तरी बिल तुमच्या माथी निघतं.

भाच्याचा काल फोन होता. महापेच्या एका युनिटमध्ये त्याला स्टोअरबाहेर तासभर बसवून ठेवलं म्हणे. म्हटलं मग काय केलंस? "काय नाय मामा, दार उघडंच होतं. होल्डचा रॅक कुठेय ते बघून घेतलं."