गोव्यात जुनी गाडी घेताय? आधी डीलरचा कागद बघा

गोव्यात नोकरीला आलात की महिन्याभरात कळतं, स्वतःच्या गाडीशिवाय इथे भागत नाही. अंधार पडल्यावर वेर्ण्याहून आतल्या गावात जायला बस मिळवून दाखवा! मग जो तो जुनी गाडी शोधायला लागतो. गाडी बघा, पण त्याआधी विकणाऱ्याचा कागद बघा.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. फॉर्म २९बी, मुदत ५ वर्षं. डीलर सावंतवाडीचा, अगदी तुमच्या गावचा निघाला तरी मागा. मग विचारा, मूळ मालकाने गाडी ताब्यात दिल्याची नोंद, म्हणजे फॉर्म २९सी, परिवहन खात्याच्या पोर्टलवर झाली का? झाली असेल तर कायद्याने डीलरच मालक धरला जातो. एनओसी (आरटीओचा ना हरकत दाखला), ट्रान्सफरचे अर्ज तोच करतो आणि मधल्या काळात गाडीने काही भानगड केली तर तीही त्यानेच निस्तरायची. ट्रायल, गॅरेज असल्या कामापुरतीच त्याने ती रस्त्यावर काढायची, तीही नोंद ठेवून. त्याचा मेहुणा तीच गाडी घेऊन आंबोलीला, हे चालत नाही.

नोंद नसेल तर तो नुसता दलाल. ड्रॉवरमधून मूळ मालकाच्या सह्या असलेले कोरे २९ आणि ३० नंबरचे, म्हणजे मालकी बदलायचे, फॉर्म काढतो आणि म्हणतो, "साहेब, नाव सावकाश चढवा." तिथून उठा. नाव चढवायचा अर्ज खरेदीदाराने ३० दिवसांत करायचा असतो. उद्या तुम्ही गाडी विकाल तेव्हाही हेच लक्षात ठेवा. डीलरकडे २९सीची नोंद झाली नसेल, तर आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी दाखल्यावर, नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची भरपाई तुमच्या गळ्यात. आरसीवर नाव ज्याचं, जबाबदारी त्याची, हे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' खटल्यात सांगितलं.

इथली खास गोम म्हणजे काळ्या नंबरपाटीवर पिवळे आकडे, पर्यटकांना भाड्याने दिलेली गाडी. तीच पुढे पांढरी पाटी लावून विकायला येते. स्वस्त का, ते क्लच दाबला की कळतं. पाटीवर जाऊ नका, आरसीवर ती खासगी झाली आहे का बघा. मॅट उचलून गंजही बघा, खारं वारं पत्रा खातं.

कोल्हापूरहून एमएच ०९ आणणार असाल तर तिथल्या आरटीओची एनओसी लागेल. १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर जीए नंबर घ्यावा लागतो, त्याचा इथला टॅक्स धरूनच भाव करा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म ३५, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद काढायचा कागद, हातात पडेपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका.