प्रेसला मराठी फाईल पाठवताय? फॉन्टच्या या चुका टाळा

इंग्रजी फाईलमधला फॉन्ट गायब झाला तर फार तर अक्षराचं वळण बदलतं, मजकूर वाचता तरी येतो. मराठीत तसं नाही. श्रीलिपी, आकृती, शिवाजी, डीव्हीटीटी योगेश वगैरे जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, त्यामुळे प्रेसवाल्याच्या मशीनवर तो फॉन्ट नसेल तर ‘चि. सौ. कां.’ च्या जागी एबीसीडी, डॉलर, कंस असला सगळा कचरा उमटतो. हे निदान डोळ्यात तरी भरतं, ऑपरेटर फोन करून सांगतो की दादा फॉन्ट पाठवा. खरा घोळ होतो तो त्याच्याकडे त्याच फॅमिलीचं वेगळं व्हर्जन असलं की, कारण मग सगळं बरोबर दिसतं आणि एखादंच जोडाक्षर नाहीतर रफार हललेला असतो, तो कोणाच्याच नजरेत येत नाही आणि थेट छापून येतो.

म्हणून पहिली चूक म्हणजे ओपन फाईल तशीच पाठवून देणं. कोरलमध्ये काम करत असाल तर फाईलची एक कॉपी करा आणि त्या कॉपीत सगळं सिलेक्ट करून कंट्रोल क्यू, म्हणजे कर्व्ह (अक्षरांचे नुसते आकार होतात, मग फॉन्ट लागतच नाही). इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट कंट्रोल ओ. मूळ फाईल मात्र जपून ठेवा, कारण कर्व्ह झालेल्या मजकुरात ‘शुभविवाह’चा ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही आणि पार्टी शेवटच्या क्षणी मामांचं नाव बदलतेच बदलते.

पण पुस्तक किंवा दिवाळी अंक असेल तर दोनशे पानं कर्व्ह करत बसू नका, फाईल उगाच जड होते. तिथे पीडीएफमध्ये फॉन्ट एम्बेड करायचा, म्हणजे फाईलच्या आतच बसवायचा. झाला की नाही ते बघायला ॲक्रोबॅटमध्ये कंट्रोल डी दाबा, फॉन्ट्सच्या टॅबमध्ये जा, प्रत्येक नावापुढे एम्बेडेड किंवा एम्बेडेड सबसेट (वापरलेली तेवढीच अक्षरं) लिहिलेलं हवं. एखाद्या जरी नावापुढे ते नसेल तर पीडीएफ परत बनवा. इनडिझाईनमधून पीडीएफ एक्स वन ए किंवा एक्स फोर हा छपाईचा प्रीसेट घेतला तर एम्बेडिंगची कटकट बहुतेक मिटते, कारण या स्टँडर्डमध्ये ते सक्तीचंच आहे. प्रेसला इनडिझाईनची फाईलच हवी असेल तर पॅकेज करून (फॉन्ट, चित्रं सगळं एका फोल्डरमध्ये गोळा करून) द्या, पण ॲडोबी फॉन्ट्सवरून ॲक्टिव्हेट केलेले फॉन्ट त्या फोल्डरमध्ये आलेत का ते बघून घ्या.

आता युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असलेली पद्धत. ‘युनिकोड वापरला की टेन्शन नाही’ असं लोक बिनधास्त सांगतात, ते अर्धंच खरं आहे. इनडिझाईनमध्ये साधा कंपोझर (अक्षरं-ओळी जुळवणारी सेटिंग) चालू असेल तर मुक्ता किंवा नोटोसारखा चांगला फॉन्टसुद्धा फुटतो, ‘शक्ती’तल्या क चा पाय मोडलेला दिसतो, ‘किल्ला’ची वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते. फॉन्टला दोष देऊ नका, पॅराग्राफ पॅनलच्या मेनूमध्ये जाऊन वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. इलस्ट्रेटरमध्ये आधी प्रेफरन्सेसमधल्या टाईपखाली इंडिक ऑप्शन्सची टिक लावावी लागते. तिथेच कॅरेक्टर पॅनलला भाषा मराठी करून टाका, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीसारखे नाही. हे काम कर्व्ह करायच्या आधी, नंतर काही उपयोग नाही.

जुन्या फॉन्टमधला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला असेल तर ‘दुसऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘वऱ्हाड’ असले शब्द सर्च मारून एकेक बघा. सगळ्यात जास्त मार याच र ला बसतो.

शिरोरेषेचं पण एक प्रकरण आहे, आणि यात भले भले फसतात. शिरोरेषा सलग दिसावी म्हणून अक्षरं एकमेकांवर किंचित चढलेली असतात. कर्व्ह करून कोरलमध्ये सगळं कम्बाईन केलं की जिथे दोन आकार एकमेकांवर येतात तिथे पांढरं भोक पडतं. कम्बाईन नाही, वेल्ड करा, म्हणजे आकार जुळून एकच होतो. इलस्ट्रेटरमध्ये अक्षराला बाहेरून स्ट्रोक, म्हणजे कड, दिला तर प्रत्येक जोडावर उभी रेघ दिसते, तिथे आधी आउटलाईन, मग पाथफाईंडरमधून युनाईट आणि मग स्ट्रोक. ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवलं तर शिरोरेषा तुटून मजकूर दात पडल्यासारखा दिसतो, मराठी हेडिंगला ट्रॅकिंग शून्यच ठेवा.

बोल्डचं बटण दाबून बळंच जाड केलेलं अक्षर पण टाळा, ध आणि घ च्या पोटातली जागा बुजते. मुक्ताची 7 वजनं फुकट मिळतात, त्यातलं खरंखुरं बोल्ड घ्या.

जुन्या फाईलमध्ये टाईप वन म्हणजे पोस्टस्क्रिप्ट फॉन्ट असतील तर ॲडोबीने त्यांचा सपोर्ट जानेवारी 2023 पासून बंद केलाय. आधीच एम्बेड झालेली पीडीएफ छापायला अडचण नाही, पण मूळ जुनी फाईल नव्या इनडिझाईनमध्ये उघडली की फॉन्ट मिसिंग येणार.

आणि काळा रंग. वर्डमधून किंवा आरजीबी (स्क्रीनच्या रंगांतल्या) फाईलमधून आलेला काळा मजकूर सीएमवायके (छपाईचे चार रंग, त्यात के म्हणजे काळा) होताना चारही रंगांत फुटतो, मग प्लेट केसभर जरी हलली तरी बारीक अक्षराला लालनिळी कड येते आणि अनुस्वार गिचमिडतो. बॉडी टेक्स्ट फक्त के 100 ठेवा, बाकी तिन्ही शून्य. रजिस्ट्रेशन नावाचा स्वॉच दिसायला काळाच असतो पण तो चारही प्लेटवर जातो, मजकुराला चुकूनही लावू नका. ॲक्रोबॅट प्रोमध्ये आउटपुट प्रिव्ह्यू उघडून काळ्याची टिक काढा, मजकूर पूर्ण नाहीसा झाला तर ठीक, मागे काही फिकट अक्षरं उरली तर ती चार रंगांतली आहेत, ती फाईलमध्ये परत जाऊन दुरुस्त करा.