ग्राफ शिकायचाय? आधी लोकलचा नकाशा काढा

एमएस्सीच्या दुसऱ्या सेमिस्टरला मी डायक्स्ट्राचा, म्हणजे ग्राफमधला सगळ्यात कमी वजनाचा रस्ता शोधणाऱ्या अल्गोरिदमचा, स्यूडोकोड तोंडपाठ करून पेपरला गेले. प्रश्नात एका एजचं (दोन नोड जोडणाऱ्या रेघेचं) वजन उणे होतं. तरी मी डायक्स्ट्राच रेटला. दहापैकी दोन. (तिथे उणे वजनंही चालणारा बेलमन-फोर्ड हवा होता, हे बाहेर आल्यावर आठवलं.)

आता ज्युनिअर विचारायला आले की मी आधी लॅपटॉप मिटायला लावते. मोठा कागद, पेन्सिल, खोडरबर घ्या आणि मुंबई लोकलचा ग्राफ काढा. स्टेशन म्हणजे नोड, लगतच्या दोन स्टेशनांमधला मार्ग म्हणजे एज. फास्ट गाड्या विसरा. हार्बर, ट्रान्स-हार्बर आणि वसई-दिवा मात्र हवेच.

मग डिग्री, म्हणजे प्रत्येक नोडचे शेजारी, मोजा. सीएसएमटीची किती? एक! मेन आणि हार्बर दोन्ही मशीदलाच जातात, त्यामुळे साध्या ग्राफमध्ये शेजारी एकच. कल्याणचे तीन: ठाकुर्ली, शहाड, विठ्ठलवाडी. दादर आणि कुर्ला चार-चार.

आता खोडरबर. दादर पुसा. प्रभादेवी ते चर्चगेट अशी आठ स्टेशनं सुटी पडतात. म्हणजे दादर आर्टिक्युलेशन पॉइंट: जो पुसला की ग्राफ तुटतो असा नोड. दादर परत काढा आणि कुर्ला पुसा. काहीच तुटत नाही! विद्याविहारहून शीवला जायचं तर ठाणे, दिवा, वसई, दादर असा द्राविडी प्राणायाम, पण रस्ता आहे. डिग्री सारखी, भूमिका वेगळी. एवढं डोळ्यांनी दिसलं की मगच डीएफएस (एका वाटेने शेवटपर्यंत जाऊन मग मागे फिरणारा शोध) हाताने चालवा, प्रत्येक नोडशेजारी शोधक्रम आणि लो-व्हॅल्यू (तिथून खाली जाऊन एका मागच्या एजने गाठता येणारा सगळ्यात लहान शोधक्रम) लिहीत. मी डोंबिवलीपासून सुरू केलं होतं, तुम्ही आपापल्या स्टेशनपासून करा.

याच कागदावर बीएफएस (एकेक थर पुढे सरकणारा शोध) स्टेशनं मोजतो, डायक्स्ट्रा मिनिटं. वसई-दिवाला गाड्या मोजक्या, तेव्हा वजनात वाट पाहण्याचा वेळ धरायचा की नाही, ते तुम्हीच ठरवायचं.

माझी लॅब पार्टनर परळची. ती म्हणाली, "अगं, परळहून पुलावरून चालत प्रभादेवीला जातो की आम्ही!" ती एक रेघ ओढली आणि दादर आर्टिक्युलेशन पॉइंट राहिलाच नाही. एज कशाला म्हणायचं, यावर उत्तर असं पालटतं. नेटवर्क सायन्समध्ये सगळे वापरतात तो झॅकरीचा कराटे क्लब, म्हणजे एका क्लबच्या सदस्यांचा ग्राफ (1977, 34 नोड, 78 एज), घ्या: त्यात एज म्हणजे क्लबबाहेरही एकमेकांशी संबंध असलेले दोघे. नुसतं एकाच क्लबात असणं धरलं असतं तर सगळेच सगळ्यांना जोडले गेले असते.

कोड यानंतर. नेटवर्कएक्समध्ये (पायथनची ग्राफ लायब्ररी) लोकल भरा, आर्टिक्युलेशन पॉइंटची यादी काढा आणि कागदाशी ताडून बघा. माझ्या पहिल्या यादीत कुर्ला आला होता. तासभर कोड धुंडाळला. वसई-दिवा टाइप करायचंच राहिलं होतं.