स्पेल नेमका कुठल्या रोलवर पडतो ते आधी बघा

एज ऑफ सिग्मार या फासे आणि छोट्या मूर्ती घेऊन खेळायच्या युद्धाच्या खेळात विझार्ड (स्पेल म्हणजे मंत्र टाकणारा) घेतला की बहुतेक जण स्पेल किती भारी वाटतोय तेच बघतात, पण त्याआधी तो अटॅकच्या कुठल्या पायरीवर बसतो ते बघायला पाहिजे. एज ऑफ सिग्मारमधे क्रम ठरलेला आहे: हिट रोल (वार लागला का), वूंड रोल (जखम झाली का), मग समोरच्याचा सेव्ह (चिलखताने अडवलं का), मग डॅमेज, आणि वॉर्ड (डॅमेज अडवायची शेवटची संधी) असेल तर तो सगळ्यात शेवटी. स्पेल बहुतेक वेळा यातल्या एकाच पायरीला हात लावतो, बाकीच्या तशाच राहतात.

गणित करून बघू. शत्रूचे २० अटॅक, हिट ४+ (म्हणजे फाशावर ४ किंवा जास्त हवा), वूंड ३+, तुमचा सेव्ह ४+. सरासरी १० हिट होतात, त्यातले ६.७ वूंड होतात, निम्मे सेव्ह झाले की ३.३ आत येतात. आता शत्रूच्या हिटला -१ करणारा स्पेल टाकलात तर २.२ येतात, आणि त्याऐवजी आपल्या सेव्हला +१ दिलंत तरी २.२ च! पण शत्रूकडे रेंड १ असेल (म्हणजे त्याचं हत्यार तुमचा सेव्ह १ ने बिघडवतं) तर गोष्ट बदलते, शील्ड (तोच सेव्हला +१ देणारा स्पेल) घेऊन ३.३ आणि हिट बिघडवून साधारण ३. म्हणजे रेंडवाल्यांसमोर आधी त्यांची हिट बिघडवा.

शील्ड कोणाला द्यायचं यात सगळे चुकतात, मीही चुकायचो. कमजोर युनिटची दया येते ना. पण ५+ सेव्ह ४+ झाला तर आत येणारा मार फक्त पाव भागाने कमी होतो, आणि ३+ चा २+ झाला तर सरळ अर्धा होतो (रेंड नसेल तर). ज्याचं चिलखत आधीच जाड आहे त्यालाच द्या, मन घट्ट करून.

रिरोल आणि +१ मधे लोक गोंधळ घालतात. फासा परत टाकायचा (रिरोल) तो मॉडिफायर, म्हणजे +१ किंवा -१, लावायच्या आधी. आणि क्रिटिकल हिटसाठी (जास्तीचा फायदा देऊ शकणारा हिट) फाशावर खरोखरचा ६ यावा लागतो, +१ लावून ५ चा ६ झाला तर तो क्रिटिकल नाही, यावरून टेबलावर भांडणं झालेली बघितलीत मी. तसंच फाशावर १ आला की फेलच, त्यामुळे २+ वाल्याला हिटचं +१ म्हणजे फुकट गेलं, हां, समोरून -१ येणार असेल तरच कामाचं.

२०२१ च्या तिसऱ्या एडिशनपासून हिट आणि वूंड रोल एकूण एकापेक्षा जास्त वर-खाली होत नाहीत, म्हणून -१ चे दोन स्पेल एकाच युनिटवर टाकून काही मिळत नाही. शत्रूने आधीच +१ घेतलंय तेव्हा मात्र दुसरा स्पेलही कामाला येतो, कारण आधी सगळी बेरीज होते आणि मर्यादा नंतर लागते.

मॉर्टल डॅमेजचे (थेट मार देणारे) स्पेल या रांगेत उभेच राहत नाहीत, हिट नाही वूंड नाही सेव्ह पण नाही, फक्त वॉर्ड अडवतो. ते जाड चिलखतवाल्यांवरच टाका, उघड्या पोरांना मारायला साध्या तलवारी आहेत की.

आणि स्पेल कधी संपतो ते वाचा हो. टर्नच्या शेवटी संपणारा डिफेन्सचा स्पेल शत्रूच्या टर्नमधे तुमच्यासोबत नसतो, मग तुमच्याच टर्नमधे कॉम्बॅटमधे घुसणार असाल तरच तो टाकायचा.