ट्रम्पेटची नळी आवाजाने मोजताय? या चुका टाळा

वाकलेल्या पितळी नळीत कॅलिपर (व्यास मोजायचं चिमट्यासारखं साधन) शिरत नाही. म्हणून वाद्याच्या तोंडाशी आवाजाचा एक आखूड स्पंद सोडायचा आणि आतून परतणाऱ्या प्रतिध्वनींवरून व्यास काढायचा. १९९०च्या दशकात एडिंबरा विद्यापीठात वाद्यांसाठी ही पद्धत चांगलीच घोटली गेली. सामान थोडंच: स्पीकर, लांब नळी, तिच्या भिंतीत बसवलेला मायक्रोफोन आणि टोकाला वाद्य, माउथपीस (ओठांशी धरायचा तुकडा) काढून. तरी चुका त्याच त्या होतात.

सगळ्यांत महागात पडते ती शून्यरेषेकडे केलेली डोळेझाक. स्पीकर अगदी खालच्या वारंवारता देत नाही, शून्य हर्ट्झ तर नाहीच. त्यामुळे प्रतिसाद, म्हणजे परतलेल्या आवाजाची नोंद, मुळापासून किंचित वर किंवा खाली सरकलेला राहतो. आलेखात ते दिसत नाही. पण आकार काढताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा एकेक थर सोडवत जावं लागतं आणि मागच्या थराची चूक पुढच्याच्या माथी बसते. सेकंदाला ४४,१०० नोंदी (४४.१ किलोहर्ट्झ) घेतल्या तर एक थर सुमारे ३.९ मिमीचा, म्हणजे १.४ मीटरमध्ये ३६० थर. सरक सोडलेल्या स्पंदाच्या जेमतेम ०.०००५ पट असली, तरी ११.७ मिमीची सरळ नळी शेवटाला ९.८ मिमीची दिसते. मग आत मळ साचलाय असं समजून धडधाकट वाद्य उघडलं जातं.

उपाय सोपा आहे. लांब नळी आणि वाद्य यांच्यामध्ये त्याच व्यासाचा अर्धा मीटर सरळ तुकडा बसवा. तिथून काहीच परतायला नको. त्या सुमारे ३ मिलिसेकंदांत जे दिसेल, त्याची सरासरी सगळ्या प्रतिसादातून वजा करा. काही उतावळे आकृती ‘बरोबर दिसेपर्यंत’ आकडा हाताने सरकवतात. ती मोजणी नव्हे, कारण बाकीच्या चुकाही त्यातच गाडल्या जातात.

दुसरी चूक गळतीची. बारीकशी फट आकृतीत नळी फुगल्यासारखी दिसते आणि तिच्यापुढचं काहीच खरं राहत नाही. मोजण्याआधी पिस्टनला ताजं तेल द्या, सांध्यांना व्हॅसलीन लावा, वॉटर कीचं (साचलेलं पाणी काढायच्या झडपेचं) बूच नीट बसतंय का ते पाहा. पिस्टन न दाबता दुसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकून निघणारी वाकडी नळी) ओढा. ‘फट्’ आवाज आला नाही तर पिस्टन गळतोय, आधी तो बघा.

वाद्याऐवजी लांब नळीचं टोक बंद करून घेतलेलं कॅलिब्रेशन, म्हणजे तुलनेसाठीची मोजणी, सकाळचं दुपारी वापरू नका. २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं की ध्वनीचा वेग ३४३वरून ३४९ मीटर प्रतिसेकंद होतो आणि १.४ मीटरमध्ये अडीच सेंटिमीटरची चूक शिरते.

स्पीकर ते मायक्रोफोन हे अंतर वाद्याच्या लांबीपेक्षा जास्त हवं, ट्रॉम्बोनसाठी २.७ मीटरच्या वर. नाहीतर स्पीकरवरून उलटलेला आवाज मोजणीत मिसळतो.

दहा स्पंदांवर भागवू नका. हजार घेऊन सरासरी काढली तर गोंगाट आणखी दहापट खाली जातो.

बेलच्या (वाद्याच्या पसरट तोंडाच्या) रुंद भागात मात्र हट्ट सोडा. तिथे लहरी सपाट राहत नाहीत आणि उंच वारंवारता परत न येता बाहेर निघून जातात. तिथवर कॅलिपर सहज पोचतो, तोच वापरा.